घरात ससा आलाय: गवत कोणतं, लिटर कोणतं? मराठवाड्यातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूरला आमच्या घरी बरीच वर्षं ससे आहेत. ओळखीतून, ओळखीच्यांच्या ओळखीतून फोन येतात: "ताई, लेकरांनी हट्ट धरला म्हणून ससा आणला. आता ह्याला खायला काय घालू, आणि हा घरभर मुततोय त्याचं काय करू?" प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवते आहे.

विकणारा म्हणाला गाजर, कोथिंबीर आणि भिजवलेले हरभरे घाला. गवत लागतंच का?

लागतंच. गवत हेच सशाचं जेवण आहे, बाकी सगळं तोंडी लावणं. मोठ्या सशाच्या रोजच्या खाण्यात ऐंशी टक्क्यांच्या वर वाळलेलं गवत असायला हवं, आणि ते दिवसरात्र त्याच्यापुढं असायला हवं.

याचं कारण दातांत आणि पोटात आहे. सशाचे दात जन्मभर वाढतात, पुढचे तर आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर. लांब काडी जबडा आडवा हलवत चावताना दाढा एकमेकींवर घासतात आणि झिजतात. गाजर कितीही कडक असलं तरी हे काम करत नाही. पोटाचंही तसंच. लांब धागा आत जात राहिला की आतडं हलतं राहतं. हरभरा, पोळी, बिस्किट, गूळ असलं पिठूळ-गोड गेलं की आतले जिवाणू बिघडतात, वायू धरतो, आतडं थांबतं. सशाला उलटीही करता येत नाही.

माझा पहिला ससा आठवडी बाजारातून आणलेला. विकणाऱ्यानं सांगितलं तेच आम्ही घातलं: गाजर, हरभरे, भाकरी. चौथ्या महिन्यात एका संध्याकाळी तो कोपऱ्यात अंग आखडून बसला आणि दात करकर वाजवायला लागला. आम्हाला वाटलं, थंडी वाजत असेल, म्हणून गोधडी घातली. रात्रभर एक लेंडी पडली नाही. सकाळी डॉक्टर शोधेपर्यंत तो गेलेला होता आणि भाकरीचा तुकडा तोंडापुढं तसाच होता. त्याच्या खोक्यात गवताची एक काडीसुद्धा नव्हती. म्हणून या प्रश्नाला मी नेहमी जरा कडक उत्तर देते.

रोज किती गवत? महिन्याचं किती घेऊन ठेवू?

सशाच्या अंगाएवढा ढीग रोज. दोन किलोचा ससा दिवसाला साधारण शंभर ग्रॅम खातो. तो वेचून खातो, तुडवतो, काही ओलं करतो, त्यामुळं महिन्याला तीन किलो पोटात जात असेल तर पाच किलो हाताशी हवं. उरलेलं गवत वाया जात नाही, त्याचा उपयोग पुढं लिटरच्या, म्हणजे सशाच्या लघवी-लेंडीच्या, पेटीत आहे.

सगळीकडं टिमोथी गवत घ्या म्हणतात. आमच्या गावात ते मिळत नाही. इथलं कोणतं चालेल?

टिमोथी हे थंड हवेतलं गवत, आपल्या काळ्या रानातलं नव्हे. ऑनलाइन मागवलं तर किलोमागं काहीशे रुपये जातात. परवडत असेल तर जरूर घ्या, पण ते नसेल तर ससा पाळताच येत नाही असं समजू नका. सशाला हवं ते लांब काडीचं, पानाचं, हिरवट वाळलेलं गवत, आणि ते मराठवाड्यात आहे.

माझी पहिली पसंती हरळीला. शेतकरी जिच्यामागं कुळव घेऊन लागतो तीच ही हरळी, गणपतीच्या दूर्वांचीच वेल. इंग्रजीत तिलाच बर्म्युडा म्हणतात आणि बाहेरच्या देशांत तिची वाळवलेली वैरण विकली जाते. बारीक, मऊ, ससे आवडीनं खातात. (गणपतीला वाहिलेल्या, हळदीकुंकू लागलेल्या, ओल्या जुड्या मात्र सशाला घालू नका.)

दुसरं मारवेल. बांधावर, गायरानात, ओढ्याकाठी येतं. पान भरपूर, काडी गोडसर, आणि वेळेवर कापलं तर वाळून हिरवट रंग धरून राहतं. बालाघाटाच्या डोंगरउतारावरचं पवना, माळरानातलं अंजन हीसुद्धा चांगली गवतं. एखादा दूधवाला रब्बीत गाईंसाठी ओट लावत असेल तर त्याच्याकडून दोन पेंढ्या मागून घ्या. दाणा भरायच्या आधी कापून वाळवलेलं ओट सशाला फार आवडतं.

एका गवतापासून हात आखडता ठेवा: कुसळी. फुलोरा आला की तिची टोकदार कुसळं जिभेत, हिरड्यांत, डोळ्यांत रुततात. धोतराला चिकटणारं हेच ते कुसळ. डोंगरी गवत विकत घेतलं तर पेंढी उकलून पसरा आणि एकदा हात फिरवा. हाताला टोचलं तर ती पेंढी गाईला द्या. गाजरगवत आणि घाणेरीची काडी दिसली तर काढून फेका, ती खायची नाहीतच.

शेतात कडब्याची बनीम लागलेली आहे. तोच घातला तर?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणाऱ्याचं चुकत नाही. ज्या घरी बैलाला कडबा पुरतो तिथं एवढ्याशा जिवाला तो का पुरू नये?

चांगल्या वाळलेल्या, बिनबुरशीच्या कडब्याची पानं मूठभर दिली तर चालतात, ससा ती चघळतो. पण मुख्य अन्न म्हणून नको. ज्वारीचं ताट जाड आणि कडक असतं. ते चिरलं की धारदार चिपा निघतात, आणि पानाच्या मानानं काडीच जास्त. कडबा कुट्टी तर नकोच. कुट्टीत काडी बोटाच्या पेराएवढी होते, सशाला लांब चावायचं काही उरत नाही, आणि खाली बसलेली धूळ नाकात जाते. बनीमीत अवकाळीचं पाणी शिरलेलं असेल तर आतला थर काळा पडतो. जनावर तो वेचून बाजूला सारतं, पण लहान ससा नेमका तिथंच तोंड घालतो.

हिरव्या कोवळ्या ज्वारीबद्दल शेतकऱ्याला सांगायला नको. पाण्याअभावी सुकलेल्या कोवळ्या ज्वारीत विष तयार होतं आणि जनावरं दगावतात. ती सशापासून लांब ठेवा.

गव्हाचं काड अंथरायला बरं, खाण्यात सत्त्व कमी. सोयाबीनचं भुसकट टोचरं आणि धुळीचं. तुरीचं, हरभऱ्याचं भुसकट शेळीला ठीक, सशाला नको.

लसूणघास सगळीकडं मिळते. ती रोज द्यावी का?

सहा महिन्यांच्या आतल्या पिलाला, इतर गवतासोबत, हो. वाढीसाठी त्याला प्रथिनं आणि कॅल्शियम लागतं. मोठ्या सशाला रोज नको. ससा खाण्यातलं कॅल्शियम गरजेपेक्षा जास्त रक्तात घेतो आणि जादाचं लघवीवाटे टाकतो. रोजची लसूणघास म्हणजे मूत्राशयात खडूसारखा गाळ, पुढं खडा. आठवड्यात एखाद्या दिवशी दोन काड्या दिल्या तर हरकत नाही. पिलू मोठं होत आलं की दहाबारा दिवसांत हळूहळू बाकीच्या गवतावर न्या. कुठलंही गवत एकदम बदलायचं नाही, नवं जुन्यात मिसळत वाढवायचं.

गवत स्वतः वाळवायचं असेल तर कसं आणि कधी?

पाऊस सरला की, दसरा-दिवाळीच्या सुमाराला. गवत निसवायला लागतं तेव्हा कापावं. पूर्ण फुलोरा येऊन बी झडलं की उरते ती पिवळी काडी. सकाळी दहिवर उडून गेल्यावर विळ्यानं कापा. पहिला दिवस उन्हात पातळ पसरा, दुपारी एकदा उलथा. दुसऱ्या दिवसापासून सावलीत, वाऱ्यावर. गच्चीवर जुन्या साडीवर पसरलं तरी जमतं. दोन-तीन दिवसांनी कांडी मोडून बघा. कट् आवाज झाला तर वाळलं, वाकली तर अजून ओल आहे. ओलं गवत बांधून ठेवलं की आतून तापतं आणि बुरशी धरते.

चांगल्या गवताचा वास तुम्ही ओळखताच: श्रावणात बांधावरून येतो तसा, फक्त कोरडा. कुबट वास आला, झटकल्यावर पांढरी पूड उडाली, काळे ठिपके दिसले, की ते उकिरड्यावर टाका. पैसे गेल्याचं वाईट वाटेल, तरी टाकाच.

रस्त्याकडेचं किंवा बांधावरचं गवत कापलं तर चालेल का?

शेत कुणाचं आणि तिथं काय फवारलंय हे माहीत असेल तरच. सोयाबीन, कापूस, तूर या पिकांत तणनाशक आणि कीटकनाशक मारताना वाऱ्यानं औषध बांधावर येतंच. शेजाऱ्याला सरळ विचारा: "दादा, बांधाला शेवटचं औषध कधी मारलं?" उत्तर नीट मिळालं नाही तर ते गवत सोडून द्या. रस्त्याकडेच्या गवतावर धूर, धूळ आणि भटक्या कुत्र्यांची घाण असते, ते मी कधीच घेत नाही.

पावसाळ्यात गवत कसं ठेवायचं?

गोणपाटात, जमिनीपासून वीतभर उंच फळीवर, भिंतीला न टेकवता. प्लॅस्टिकच्या बंद पोत्यात ठेवलं तर आत घाम धरतो. उंदरांचा बंदोबस्त करा, त्यांच्या मुतानं नासलेलं गवत वापरू नये. आणि एक गोष्ट माझ्या चुकीतून शिकले: गवताचं पोतं कूलरच्या समोर ठेवू नका. मे महिन्यात कोरडं ठणठणीत होतं म्हणून मी ते निर्धास्त ठेवलं, आणि कूलरच्या दमट वाऱ्यानं आठ दिवसांत ते कुबटलं.

लिटर म्हणजे नक्की काय, आणि हवंच का?

सशानं जिथं लघवी-लेंडी करायची त्या पेटीत पसरायचा, ओल शोषणारा थर. ससा जात्याच एका कोपऱ्यात लघवी करणारा प्राणी आहे. तो कोपरा तुम्ही ठरवलात तर घर कोरडं राहतं आणि ससा पिंजऱ्यात कोंडावा लागत नाही. जाळीच्या तळाचा पिंजरा घेऊच नका. सशाच्या पायाला कुत्र्या-मांजरासारखी गादी नसते, तारेवर बसून टाचा सोलतात आणि फोड येतात.

मग कोणतं लिटर घ्यावं?

पहिला पर्याय कागदाच्या गोळ्या. दुसरा, चिकटवण्याचं काही न घातलेल्या, बिनवासाच्या लाकडाच्या दाबलेल्या गोळ्या. ओल लागली की त्या फुगून भुगा होतात आणि वास धरून ठेवतात. दोन्ही ऑनलाइन मिळतात. लाकडाच्या गोळ्या घेताना पोत्यावर काय लिहिलंय ते वाचा. कारखान्यांच्या बॉयलरसाठी ज्या गोळ्या विकतात त्यांत सोयाबीनचा भुसा, टरफलं, काहीही मिसळलेलं असतं. त्या नकोत.

आणि खर्च करायचा नसेल तर? साधं, काळ्या शाईचं वर्तमानपत्र फाडून चार-पाच पदर खाली, वर बोटभर जाडीचा गवताचा थर. गुळगुळीत रंगीत पुरवण्या वगळा. माझ्याकडं वर्षभर हेच चालतं. एवढंच की ते रोज बदलावं लागतं, कागद वास धरून ठेवत नाही.

थर फार जाड नको. दोन-तीन सेंटिमीटर पुरे.

मांजराचं लिटर दुकानात तयार मिळतं. तेच वापरलं तर?

नाही. ते चिकणमातीचं असतं, ओल लागली की गोळा होतं. मांजर ते खात नाही, पण ससा पेटीतलं सगळं तोंडात घालून बघतो. तोच गोळा आतड्यात झाला तर वाचवणं अवघड. त्याची बारीक धूळही फुप्फुसांना वाईट. सुगंधी कुठलंच लिटर नको.

सुताराकडचा भुसा, उसाचं चिपाड, शेंगांची टरफलं, कूलरचं गवत?

सुताराच्या भुशात आज बहुतेक प्लायवूड आणि एमडीएफचा चुरा असतो, म्हणजे सरस. आरागिरणीचा भुसा शुद्ध लाकडाचा असला तरी धुळीचा. देवदार आणि पाइनसारख्या वासाच्या कच्च्या लाकडाचा चुरा यकृताला त्रास देतो. आपल्याकडं साग, लिंब, बाभूळ सगळं एकाच ढिगात पडतं, वेगळं कोण करणार? मी घेत नाही.

उसाचं चिपाड कारखान्याच्या पट्ट्यात सहज मिळतं, पण उरलेल्या गोडीमुळं त्याला मुंग्या लागतात आणि बुरशी फार लवकर धरते. शेंगांच्या टरफलांचंही बुरशीमुळंच नको. कूलरचं गवत म्हणजे लाकडाची लांब सालपटं. ससा गवत समजून ती खातो. काहींना रंग आणि अत्तरही लावलेलं असतं.

पेटी कशी असावी, आणि कुठं ठेवावी?

दुकानातली तिकोनी पेटी फार लहान. ससा आत पूर्ण वळू शकला पाहिजे. धुण्याचा आयताकृती प्लॅस्टिकचा टब किंवा पसरट मोठं घमेलं घ्या, एका बाजूची कड पिलाला चढता येईल इतकी खाली.

आता या सगळ्यातली माझ्या मते सगळ्यात उपयोगी गोष्ट: गवत आणि लिटर एकाच ठिकाणी ठेवा. ससा खाता खाता लेंड्या टाकतो, ते दोन्ही त्याला एकाच वेळी लागतं. पेटीच्या एका टोकाला गवताचा ढीग लावा किंवा वर टोपली अडकवा, म्हणजे तो आपण होऊन आत बसेल आणि तासन्‌तास चरत राहील. बऱ्याच घरांत गवत स्वयंपाकघराच्या दारात आणि पेटी बाथरूममध्ये असते, आणि लोक म्हणतात ससा शिकत नाही. पेटी सरकवली की दोन दिवसांत फरक दिसतो.

सुरुवातीला पेटी पूर्ण धुऊन काढू नका. मूठभर ओलं लिटर आणि चार लेंड्या आत राहू द्या, त्या वासानं त्याला जागा कळते. बाहेर पडलेल्या लेंड्या उचलून आत टाका. मारू नका, ओरडू नका. चार-सहा महिन्यांचं झालं की नर पिचकाऱ्या मारतो. नसबंदीनंतर ते बहुतेक थांबतं, पण शस्त्रक्रिया सशांवर हात बसलेल्या डॉक्टरकडूनच करून घ्या.

वास येतो. काय करू?

ओला भाग रोज काढा, दोन-तीन दिवसांनी पूर्ण बदला. उन्हाळ्यात रोज. तळाला पांढरा खर धरला तर किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर ओतून पंधरा मिनिटं ठेवा, खरवडा, धुवा, उन्हात वाळवा. फिनेल वापरू नका. काढलेल्या लेंड्या थेट कुंडीत घाला, कुजवायची गरज नसते. आमचा मोगरा त्यावरच फुलतो.

लघवी लाल दिसते. रक्त आहे का?

बहुतेक वेळा नाही. खाण्यातल्या रंगद्रव्यांमुळं लघवी पिवळी, नारिंगी, विटकरी होते. पांढरट गढूळही असते, ते कॅल्शियम. लाल थेंब वेगळे दिसत असतील किंवा कण्हत, कुंथत लघवी होत असेल तर मात्र थांबू नका.

लेंड्यांवरून काय कळतं?

जवळजवळ सगळं. रोज सकाळी पेटी बघा. चांगली लेंडी हरभऱ्याएवढी किंवा थोडी मोठी, गोल, तपकिरी. बोटानं चुरली तर आत गवताचा भुगा दिसतो, वास नसतो. मुगाएवढ्या, काळ्या, कडक झाल्या तर गवत कमी पडतंय. केसांच्या दोऱ्यात माळेसारख्या आल्या तर अंगावरचे मोकळे केस विंचरून काढा आणि गवत वाढवा.

रात्री किंवा पहाटे मऊ, चकचकीत, घोसासारख्या लेंड्या तो थेट खालून तोंडात घेतो. किळस करू नका, ते त्याचं दुसरं जेवण आहे, जीवनसत्त्वं त्यातून मिळतात. त्या न खाता पेटीत पडून राहिल्या तर हरभरे, गोड किंवा पेलेट (दुकानात मिळणाऱ्या खाद्याच्या गोळ्या) जास्त होतायत.

एप्रिल-मेमध्ये गवत खातच नाही.

पारा चाळिशीच्या वर जातो तेव्हा ससा दुपारी निपचित असतो. त्याला तिशीच्या वरचं तापमानच सोसत नाही. गवत पहाटे आणि दिवे लागल्यावर ताजं घाला, दुपारी शहाबादी फरशीवर सावलीत झोपू द्या, शेजारी बर्फ केलेली बाटली फडक्यात गुंडाळून ठेवा. पाणी नळीच्या बाटलीपेक्षा जड मातीच्या वाडग्यात, म्हणजे जास्त पितो. लाळ गळत असेल, धापा टाकत असेल तर कान ओल्या हातानं पुसत लगेच डॉक्टरकडं निघा.

शेतात रानसशाचं पिलू सापडलं. त्याला हेच घालू का?

ते पाळायचं नाही. रानससा वेगळी जात आहे आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे. पिलू एकटं दिसलं तरी आई आसपास असते, पाजायला येते. होतं तिथंच ठेवा.

डॉक्टरकडं कधी न्यायचं, आणि कुठं?

दहाबारा तास खाल्लं नाही किंवा लेंडी पडली नाही, की त्याच दिवशी. उद्यावर नको, माझ्या पहिल्या सशाला तो उद्या मिळाला नाही. आपल्याकडचे डॉक्टर देवणी, लाल कंधारी गाई-बैल, म्हशी यांच्यावर हात बसलेले, म्हणून आधीच विचारून ठेवा की ससे बघता का. परभणी आणि उदगीर इथं सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथं चौकशी करा. दोन गोष्टी स्वतःहून सांगा: तोंडानं द्यायचं पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन सशाला धोक्याचं आहे, आणि गवतातून गोचीड लागली तरी फिप्रोनिलचे थेंब लावायचे नाहीत.

जाताना ससा टोपलीत गवत अंथरून न्या, आणि त्या दिवशीच्या लेंड्या कागदाच्या पुडीत बांधून सोबत घ्या. तपासताना डॉक्टरांना त्यांचा उपयोग होतो.